सवडीची पदवी

— नाय काका, हलवू नका ते कुलूप, कितीबी हलवलं तरी उघडत नसतं ते, बोट चिकटंल उगं. कुणीतरी फेविक्विक भरलंय त्याच्यात. कोण म्हणजे, आता मला काय माहीत कोण — असंल कुणीतरी रिकामटेकडं. बसा हितं पायरीवर, थांबा फुंकून देतो. सेंटरचा क्लार्क गेलाय चावीवाल्या फारूखभाईला आणायला, चौकात छत्री लावून बसतो तो. मागं एकदा असंच झालतं तव्हा फारूखभाई म्हणला, "कौन नालायक है ये, मिला तो उसकाच हात इसमें चिपकाता मैं." मी तिथंच उभा होतो, मान डोलवली, म्हणलं चिपकानाच मंगता चचा. तर बसा. अकराला पेपर हाय आत — म्हणजे कुलूप निघालं तर हाय.

तुम्ही फौजी ना? वळखलं की. केसावरून नाय, केस काय आजकाल कुणीबी तसे कापतं — बुटावरून. क्रांती चौकातून हितवर चालत येऊन बुटाला धूळ नाय, अशी दोनच माणसं मी बघितली, एक तुम्ही अन् दुसरे आमचे पप्पा. पेपरला आलात का ॲडमिशनला? ॲडमिशनला व्हय — मंग अजून वाचलात. नाय, घ्या की, माझं काय जातंय. बोर्ड वाचला ना खाली, 'सैनिक, माजी सैनिक व कुटुंबीयांसाठी पदवी, सवलतीत आणि सवडीनं' — खोटं नाय त्याच्यात काय. सवलत देतात. सवड तर इतकी देतात की विचारू नका, आजपत्तर एका रविवारी क्लास झाला नाय हितं. कुलूपच असायचं, साधं, चावीनं उघडणारं. अन् आमचे पप्पा दर रविवारी यायचे, इस्त्रीचा शर्ट घालून, डब्बा घेऊन. कुलूप बघायचे, मंग हितंच, तुम्ही बसलात ना त्याच पायरीवर, बसून पुस्तक वाचायचे, दुपारी डब्बा खायचे, घरी यायचे. आईनं विचारलं काय शिकवलं आज, तर म्हणायचे सेल्फ स्टडी होता. मी लई हसायचो. दोस्तांना आणून दाखवायचो लांबून — ते बघा, आमच्या हवालदार साहेबांची ड्युटी, जिन्यावर पोस्टिंग.

का म्हणजे? कशाला पाहिजे म्हणजे पदवी? पप्पा रिटायर झाले हवालदार म्हणून, तात्यासाहेब नाव त्यांचं, लासूर स्टेशनचे आम्ही, आता छावणीच्या मागं खोली केलीय. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहतात. आत काउंटरवर फौजीसाठी जागा निघतात, पण पदवी मागतात — एवढंच. दारापासून काउंटर किती लांब, तर आपण दोघं बसलोय ना, तेवढंबी नाय. त्यासाठी सगळं.

पहिल्या वर्षाचा इंग्रजीचा पेपर ह्याच हॉलमधी होता. सुपरवायझर म्हणला, मी जरा चहा पिऊन येतो. आता हे 'चहा पिऊन येतो' माझ्यासारख्या दहावी बुडालेल्या पोरालाबी कळतं — काढा पुस्तकं म्हणजे. सगळ्यांनी काढली. अन् आमचे पप्पा उठले, गेले दारात, सावधानमधी उभे राहिले अन् रिपोर्ट दिला की ओ त्याला — सर, परीक्षार्थी बघून लिहीत आहेत. सगळा हॉल हसला. सुपरवायझर म्हणला, "बसा फौजी, बॉर्डर नाही ही." बसले, आपलं आपलं लिहिलं. निकालाला सगळे पास अन् पप्पा नापास. मंग पुन्हा बसले, पुन्हा नापास. आज पुन्हा तोच पेपर हाय त्यांचा. हे मला पप्पांनी नाय सांगितलं, सर्जेराव काकांनी सांगितलं, पप्पांच्याच पलटणीतला माणूस, नाईक होता, म्हणजे पप्पांच्या हाताखालचा, पप्पांना उस्ताद म्हणायचा. तो पप्पांच्या मागच्याच बाकावर बसलेला, गाइड मांडीवर. तो आता कुठंय? काउंटरवर. व्हय, त्याच बँकेत. सकाळी तो येतो तव्हा दार पप्पा उघडतात.

पण त्याच्यावर राग नाय माझा, तो माणूस वाईट नाय. दिवाळीला मिठाई घेऊन येतो. फक्त हे बघा, मागच्या आठवड्यात गर्दी होती बँकेत, अन् त्याच्या तोंडातून निघून गेलं — "उस्ताद, जरा चहा सांगता का." निघून गेलं फक्त. पप्पा गेले, चहा सांगून आले. घरी येऊन बूट काढले, पॉलिश केले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. आई म्हणली जेवता का, तर व्हय म्हणले अन् जेवले.

हसू नका काका, हसायचं पुढं हाय. माझी दहावी का बुडाली माहीत हाय? पप्पा सुट्टीवर आलते. बोर्डाच्या पेपरच्या दिवशी मला अंगणात उभं केलं — हात वर, पाय फाकव — चेकपोस्टावर घेतात तशी झडती घेतली. मोज्यात चिठ्ठी सापडली. अहो, आमच्याकडं मोज्यात चिठ्ठी नसलेलं पोरगं दाखवा, मी त्याच्या पाया पडतो. शाळेतल्या मास्तरला चालत होतं, ह्यांना नाय. त्यांनी घराला बाहेरून कडी लावली अन् कडीसमोर खुर्ची टाकून पेपर सुटंपत्तर बसून राहिले. म्हणले, नापास पोरगा चालंल मला, चोर नाय चालणार. मी आतून लई शिव्या दिल्या, हिंदीत दिल्या, फौजेतल्या माणसाला नीट समजाव्यात म्हणून. पुन्हा शाळेत गेलो नाय, मुद्दाम गेलो नाय. म्हणलं घ्या, नापास चालतो ना.

अन् परवा दुपारी मी गच्चीवर पडलो होतो तर वर आले. मला हाक मारली — शिवराज. एरवी शिवऱ्या असतो मी. म्हणलं मेलो, काहीतरी कळलं ह्यांना. तर बसले बाजूला, पाण्याच्या टाकीकडं बघत म्हणले, "ते मोज्यातलं... कसं करत होतास रे तू?" मला वाटलं चौकशी चाललीय, म्हणलं मी सोडलं ते पप्पा, आईशप्पथ. तर म्हणले, "नाही, शिकव मला. मला बारीक लिहायला जमत नाही." अन् खिशातून चिठ्ठ्या काढल्या. त्यांनी करून बघितलत्या आधी, एकट्यानं. एवढं मोठालं अक्षर काका, एका चिठ्ठीवर दोन ओळी बसल्यात, खाडाखोड न करता, समास सोडून. चिठ्ठीला समास सोडलता त्या माणसानं.

मी जिंकलो होतो की नाय? सांगा ना. मला हसायला पाहिजे होतं, म्हणायला पाहिजे होतं, हात वर, पाय फाकव. तोंडात आलतं माझ्या. नाय निघालं. लिहून दिल्या मी. घड्या कशा घालायच्या दाखवलं, डाव्या मोज्यात का, उजव्यात का नाय, ते दाखवलं. ते प्रॅक्टिस करत होते, खाली वाकायचं, काढायचं, झाकायचं, जसं बंदुकीचे पार्ट खोलायला शिकवतात तसं. म्हणायचे, बरोबर? पुन्हा करू? आई खाली कपडे वाळत घालत होती, तिनं वर बघितलं नाय एकदाबी.

म्हणून म्हणलं आज कुलूपच नाय उघडलं तर — पेपरच नाय झाला तर...

काय? कुणी भरलं म्हणजे? मी कुठं म्हणलं मी भरलं. रिकामटेकडं कुणीतरी, सांगितलं ना तुम्हाला. अन् भरलं असंल त्यानं तर काय बिघडलं, एक रविवार तरी... मला काय करता येतं काका दुसरं? मला हेच येतं.

ते बघा, हातोड्याचा आवाज. फारूखभाई मागच्या जिन्यानं वर गेला वाटतं, मागच्या दाराची कडीच तोडतोय आज. मागचं दार — डोक्यातच आलं नाय राव माझ्या.

थांबा. ऐका खाली. जिन्यावर. नाय, हातोडा नाय, बूट. ऐकू येतंय? उजवा पाय वाजतोय अन् डावा वाजत नाय. जपून टाकतायत डावा. फौजीचा पाय असा पडत नसतो ना काका — तुम्हाला तर माहीत हाय.

सरका तिकडं, भिंतीला लागून बसा, वाट द्या. अन् त्यांच्या पायाकडं बघू नका. कायबी विचारलं तरी बोलू नका, मीबी नाय बोलत.