नकाशा क्रमांक एकतीस

सुलोचनाबाई : सिंदीच्या शेठचा ना? तो एकतिसावा, शेवटचा. यांच्या वहीत सगळं नोंदलेलं आहे. एकतीस लोकांना घरं बांधून दिली आणि आम्ही राहिलो भाड्यानं.

रूपराव : तोच पायजे, बाई. उद्या कचेरीत पेशी आहे. शेठ सांगून राह्यले का, अण्णाजी साहेबानं पोर्चाखाली खांब दाखवलेच नोते. म्हणून गच्ची पडली अन् माह्या हाताखालचा मजूर तानबा मेला.

सुलोचनाबाई : म्हणजे हे गेले चैत्रात आणि दिवाळीनंतर यांनी माणूस मारला. जिवंतपणी एवढी चपळाई नव्हती यांच्यात.

रूपराव : नकाशा भेटला तं समजते, खांब होते का नोते.

सुलोचनाबाई : वीस वर्षं यांच्या हाताखाली मिस्त्री होतात. ते घरही तुम्हीच बांधलंत. तुम्हाला ठाऊक नाही?

रूपराव : लय दिवस झाले, बाई.

सुलोचनाबाई : असू दे. यांनी कागद म्हणून कधी टाकला नाही. शेठची बावीस पत्रं आहेत. पहिल्यात म्हणतात, संडास घरापासून लांब हवा. नवव्यात म्हणतात, फार लांब पडतो. एकविसाव्यात देवघराच्या जागी मोटार ठेवायची आहे. बाविसावं हे गेल्यावर आलं. त्यात यांना विचारलंय, इतके दिवस उत्तर का नाही. धुरपता, ती ट्रंक ओढ बाहेर.

धुरपता : ओढतो. पण तिच्यात कागदंच हायेत. कापडं नाईत.

रूपराव : काऊन नाईत?

धुरपता : धुतले.

सुलोचनाबाई : नागपूरच्या कॉलेजानं यांचे कागद मागितलेत, मिस्त्री. यांच्या नावाचं कपाट करणार आहेत. म्हटलं, रद्दी कशाला धाडायची? मूळ नकाशे निळसर कापडावर असतात, तुम्हाला सांगायला नको. एखादा रद्द झाला की हे त्यावर लाल शाईनं काट मारायचे आणि माझ्याकडे द्यायचे. यांचे रुमाल जन्मभर त्याचेच.

धुरपता : सोड्यात उकळलं का खळ निंगून जाते. मलमल होते मलमल. बाईनं सांगतलं, लाल शाई दिसली का थे रद्द. मी लाल पाह्यली, धुतले.

रूपराव : एकतीस रद्द नोता, बाई.

सुलोचनाबाई : आता बरं आठवलं तुम्हाला.

रूपराव : त्याच्यावर काट नोती. लिहिलं होतं लाल शाईनं. 'हे दोन खांब कोणत्याही कारणाने काढू नयेत.'

सुलोचनाबाई : म्हणजे कोणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून यांनी लाल लिहिलं, आणि लाल दिसलं म्हणून मी धुवायला दिलं.

(धुरपता ट्रंकेचं झाकण लावते.)

सुलोचनाबाई : शेठकडे निळी छापील नक्कल होती ना?

रूपराव : थे उंदरानं खाल्ली म्हणते. पंचनाम्यात तसंच लिहिलं आहे.

सुलोचनाबाई : आणि खांब कोणी खाल्ले?

रूपराव : शेठची मोटार वळत नोती पोर्चात. दोनदा घासली. म्हणे, साहेब तं गेले, आता कोणाले इचारतं? उभे झालेले खांब म्या तोडले. वरतं गच्ची टाकली. महिन्यानं टेकू काढायले तानबाले म्याच धाडलं.

धुरपता : बायजा हेच म्हणते, बाई. भाची हाय माही, तानबाची बायको. सारे म्हणत, दुखानं बोलून राह्यली, आयकू नोका.

सुलोचनाबाई : मग आज नकाशा कशाला हवा होता, मिस्त्री?

रूपराव : शेठ म्हणे, भेटला तं माह्याकडं आणून दे. सेलूचा बंगलाही तुह्याच हातानं होईन म्हणे.

सुलोचनाबाई : मग निश्चिंत जा. नकाशा नाही, खांब नाहीत, हे नाहीत, तानबा नाही. इतकं स्वच्छ काम शेठनं स्वतः केलं असतं तरी झालं नसतं. उद्या सांगा, साहेबांची चूक. नागपूरच्या कपाटात मी रुमाल ठेवीन.

रूपराव : धुरपताबाई, त्या कापडाचं काय केलं?

धुरपता : बायजाच्या पोराले झबलं शिवलं. तानबा होता तवाच. खांब-बिंब, भिताडं-बिताडं सारं धुऊन गेलं. लाल तेवढं गेलं नाई. तीनदा टाकलं सोड्यात. पाठीवर हाय अजून. तानबा म्हणे, राहू दे मावशी, नक्षी दिसते.

रूपराव : किती ओळी आहेत?

धुरपता : मले का वाचता येते? वरतं एक हाय, लंबी, सरळ. अन् तिच्या खालतं एक वाकडी. शाईत पडलेला मुंगळा चालत गेला जसा.

सुलोचनाबाई : वरची यांची.

रूपराव : खालची माही.

सुलोचनाबाई : तुमची?

रूपराव : साहेबानंच शिकवली होती सही. पह्यले अंगठा लावत जाओ मी. त्या दिवशी लाल लिहिलं अन् मले म्हणे, मिस्त्री, समजलं असन तं खाली सही कर. नसन समजलं तं पुन्हा सांगतो.

सुलोचनाबाई : आणि तुम्ही केलीत.

रूपराव : समजलं होतं, बाई.

धुरपता : झबलं भेटणार नाई तुमाले. बायजा तुमचं तोंड पाह्यत नाई.

रूपराव : मागूच नोको. तिले एवढंच सांगजो, उद्या अकरा वाजता पोराले घेऊन कचेरीत ये. थंडी आहे, पण पोराच्या पाठीवर काई पांघरू नोको म्हणा.