वरच्या मजल्यावरचा दुसरा साहेब

...आणि म्हैस! तुम्हाला सांगतो, त्या प्रसंगात म्हैस नव्हती. नायगावकडे ही कथा ज्या रूपात सांगितली जाते त्यात साहेब म्हशीवर बसून जिना चढतो. आता मला सांगा, नगरपंचायतीच्या दुमजली बाजारसंकुलाचा जिना म्हैस चढेल का, आणि चढलीच तर मधल्या वळणावर तिला वळवणार कोण? देवणीच्या पाठात म्हैस जाते आणि तिच्या जागी वळू येतो, पण त्याला इलाज नाही, देवणी गाईबैलांसाठीच नावाजलेली, तिथं कुठल्याही कथेत वळू येतोच. शिरूर अनंतपाळला म्हैस नाही, वळू नाही, पण साहेब तीन, आणि तिघेही शेवटी एकमेकांनाच नोटिसा देतात. लातूरच्या एका परिसंवादात तर एका विद्वानांनी चाळीस मिनिटं घेऊन असं सिद्ध केलं की हे सगळं राजा आणि बहुरूपी या जुन्या कथेचंच रूपांतर होय... अहो, कसं होईल? जुन्या कथांत लोक सोंगाला खरं मानतात. इथं खऱ्याला सोंग मानलं! दिशाच उलटी. आणि शेवट तर कुणीच सांगत नाही, सगळे हशा पिकला की थांबतात. मूळ घटना साधी आहे. पण साधी घटना ऐकायला वेळ कुणाला आहे?

गावाचं नाव मी सांगत नाही. लातूर आणि नांदेडच्या मध्ये कुठं तरी ते आहे, आणि नाव घेतलं की पुन्हा कुणी तरी तिथली म्हैस आणून उभी करील. त्या गावच्या नगरपंचायतीनं बाजारसंकुल बांधलं. खालचे गाळे आठवड्यात गेले, वरचे तसेच राहिले, कारण खताची गोणी घेण्यासाठी जिना चढणारा माणूस मराठवाड्यात अजून जन्मायचा आहे. दोन वर्षं वर कबुतरं राहिली. मग एका सभेत कुणाला काय सुचलं कोण जाणे, ठराव झाला की वरचा मजला गावातल्या कलावंतांना द्यावा, आणि भाडं इतकं नाममात्र ठेवावं की ते मागायला जाणाऱ्या कारकुनालाच लाज वाटावी. आता एरवी आपण शासनाला नावं ठेवतो, मीही ठेवतो, नियमितपणे ठेवतो. पण हे त्यांनी चांगलं केलं, आणि चांगल्याला चांगलं म्हणताना आपली जीभ का अडखळते हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे... असो.

तर पहिल्या गाळ्यात शाहीर आनंदराज, त्यांचं भीमगीतांचं पथक, ढोलकी, पेटी. दुसऱ्यात जगदेवीबाई आणि त्यांचं महिलांचं भजनी मंडळ. आणि तिसऱ्यात नरसिंग, बहुरूपी.

नरसिंगला हा गाळा म्हणजे काय होता, हे आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं नुसतं हसण्यावारी जाईल. त्याच्याजवळ वडिलांची लोखंडी पेटी होती. तीत दाढ्या, टोप, खाकी वर्दी, वकिलाचा डगला, डॉक्टरची नळी. एका खोलीचं भाड्याचं घर, त्यात नवरा, बायको आणि ही पेटी. चांगुणा, म्हणजे नरसिंगची बायको, पीठ चाळायला बसली की पिठात दाढीचे केस निघत. दोरीवर वर्दी वाळत घातली की शेजारी विचारीत, ‘कामून हो, पोलीस कवा आले?’ आणि घरमालक महिनाअखेर म्हणे, ‘दुसरी खोली बघा.’ लग्नाला बावीस वर्षं, घरं अकरा. पेटी तीच. अशा माणसाला आयुष्यात पहिल्यांदा एक खुंटी मिळाली, आरसा टांगायला भिंत मिळाली, आणि चांगुणाला केस नसलेलं पीठ मिळालं. मूळ घटना साधी आहे, पण तिच्या पोटात ही खुंटी आहे.

आणि ठरावाला एक अट होती. ‘कक्षात प्रत्यक्ष सराव चालू असल्याचे पाहणीत दिसून आले पाहिजे, अन्यथा वाटप रद्द.’ आता गाणाऱ्याचा सराव ऐकू येतो, तो खालच्या खतवाल्यालासुद्धा ऐकू येतो, त्याची त्याबद्दल तक्रार आहे. पण बहुरूप्याचा सराव दिसणार कसा? तो बाजारात हिंडतो, कुणाची चाल बघतो, कुणाचं खाकरणं ऐकतो, गाळ्यात येऊन तासभर आरशासमोर गप्प बसतो. कारकून दोनदा डोकावून गेला आणि दोन्ही वेळा त्यानं लिहिलं, ‘इसम स्वस्थ बसलेला आढळला.’ झालं! नरसिंगला कार्यालयात बोलावणं. तिथं नवीन पाहणी साहेब. सफारी, दोरीला लटकलेला चष्मा, खिशाला लाल पेन, जाड मिशी. चष्मा नाकावर घेऊन साहेब म्हणाले, “हे पहा, तुमचा सराव मला दिसला पाहिजे. सोमवारी तीन वाजता येतो. नाही दिसला तर गाळा खतवाल्याला गोदामासाठी देऊ.”

दुसरा कुणी असता तर रडला असता. नरसिंग काय करत होता? तो साहेबाचा चष्मा घेण्याचा हात बघत होता. डाव्या हाताची करंगळी वर राहते, हे त्यानं टिपून ठेवलं.

सोमवारी सकाळी जिन्यात त्यानं आनंदराज आणि जगदेवीबाईंना सांगितलं, “साहेबाला सराव बगायचा हाय ना, मग साहेबच दावतो त्याला. आकराला तुमच्यापुढं रंगीत तालीम. खोटं काय दिसलं तर तोंडावर सांगा.” त्या दोघांनी तो साहेब पाहिलेलाच नव्हता. इथंच तर सगळं आलं. जगदेवीबाई घरी जाऊन सूपभर जवारी घेऊन आल्या. सोंगाला रिकाम्या हातानं वाहवा द्यायची नसते, तालीम असली म्हणून काय झालं?

बहुरूप्याच्या घरात दोन नियम होते, वडिलांनी घालून दिलेले. पहिला, अर्ध्या सोंगानं उंबरा ओलांडायचा नाही. दुसरा, दान पडल्याशिवाय सोंग उतरवायचं नाही. हे लक्षात ठेवा. नायगाववाले नेमकं हेच विसरतात आणि म्हैस आणतात.

पावणेअकराला नरसिंग अर्धं शटर ओढून आत बसला. सफारी झाली, चष्मा झाला. पेटीतला डिंक वाळलेला निघाला, म्हणून त्यानं खालच्या चांभाराकडून चपलेला लावायचं सोल्युशन आणलं होतं, आणि नकली मिशी दोन तुकड्यांत होती. डावी निम्मी ओठावर बसली, अशी बसली की जन्मापासून तिथंच असावी. उजवी निम्मी बसली अंगठ्यावर. ती सुटेना. आणि नेमकं त्याच वेळी जिन्यावर पावलं वाजली.

साहेब! खरे साहेब, तीनच्या ऐवजी अकराला, कारण दुपारी त्यांना दुसऱ्या गावी बैठक होती. ड्रायव्हर डिझेल भरायला गेलेला, शिपाई रजेवर, साहेब एकटे, हातात चामडी पिशवी, धाप लागलेली.

नरसिंगनं शटरखालून काय पाहिलं? बूट पाहिले. तपकिरी, पॉलिश केलेले, आत मोजे. सोंग नेहमी पायांत फसतं, हे त्याला ठाऊक होतं, आणि असे बूट आपल्याकडं नाहीत हेही ठाऊक होतं. सगळं जग तोंड बघतं हो, बूट कोण बघतो? धावून जावं तर मिशी निम्मी आणि उंबरा समोर. ओरडावं तर सोंगाच्या आतून बोलणार कोणाच्या आवाजात?

बाहेर आनंदराज कठड्याला टेकून उभे. त्यांनी साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, “कपडे झकास. पण नरसिंगभाऊ, खरा साहेब आल्या आल्या आधी खुर्ची शोधतो.”

साहेब म्हणाले, “खुर्ची आहे का?”

“हां, आता जमलं,” आनंदराज म्हणाले.

जगदेवीबाई जवळ आल्या. त्यांनी एका बोटानं साहेबांचं पोट दाबून पाहिलं. “उशी लई घातली की हो. येवढं पोट कोणत्या साहेबाला असतंय? थोडी काढा.”

“अहो बाई, मी पाहणीसाठी आलो आहे!” साहेबांनी चष्मा नाकावर घेतला, करंगळी वर.

“आवाजात दम न्हाई,” आनंदराज म्हणाले. “भीती वाटाया पायजे. काय तरी धमकी घाला.”

आणि साहेबांनी घातली. त्यांच्याकडं ती तयारच होती. “मी तुमचं सगळ्यांचं वाटप रद्द करू शकतो.”

टाळ्या पडल्या. तुम्हाला सांगतो, भजनी मंडळाच्या चार बाया आतून टाळ घेऊन बाहेर आल्या. “परत म्हणा, परत,” जगदेवीबाई म्हणाल्या, आणि साहेबांनी, बहुधा सवयीनं, तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्यानं म्हटलं. शटरच्या आत एक माणूस स्वतःचा गाळा रद्द होताना ऐकत होता आणि बाहेर त्याचीच माणसं म्हणत होती, वाहवा. अशी अवस्था कुठल्या पुराणात आहे का? मी शोधली. नाही.

पण एक गोष्ट आणखी झाली, आणि ती कुठल्याच पाठात नाही. आनंदराज जगदेवीबाईंना हलक्या आवाजात म्हणाले, “तोंडावर बोलू नये बाई, चढल त्याला. पण तालुक्यात असा माणूस न्हाई. हा गाळा याचा गेला ना, तर मी माझी पेटी उचलून जिना उतरतो.” त्यावर जगदेवीबाई म्हणाल्या, “हाव. मंग मी काय खतवाल्याला अभंग म्हणून दावू?” बावीस वर्षांत नरसिंगला लोकांनी धान्य दिलं होतं, चहा दिला होता, एकदा कुत्रंही सोडलं होतं. हे कुणी दिलं नव्हतं. निम्म्या मिशीखाली त्याचा ओठ हलला. सोल्युशननं तो फार हलू दिला नाही.

तेवढ्यात जगदेवीबाईंनी सूप उचललं. साहेबांची चामडी पिशवी कागद काढण्यासाठी उघडी होती. बाईंनी जवारी तीत ओतली, फायलींवर, सगळी. “घ्या. सोंग ठीक हाय, चालीकडं मात्र ध्यान द्या.”

माणसाला अर्धा तास तो स्वतः नाही असं सांगितलं की तो शेवटी एकच करतो, आपलं काम करतो. साहेब तिसऱ्या गाळ्यापाशी गेले आणि त्यांनी शटर वर केलं.

आत खुर्चीवर साहेब बसलेले होते. तीच सफारी, तोच दोरीचा चष्मा, खिशाला लाल पेन. मिशी निम्मी. बाहेर टाळ थांबले. जगदेवीबाईंनी एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं पाहिलं, मग आपल्या त्या बोटाकडं पाहिलं, आणि ते पदराखाली घेतलं.

आता कुणीही पाया पडला असता. पण दान अजून पडलेलं नव्हतं, म्हणजे सोंग चालू होतं. नरसिंगनं डाव्या हातानं चष्मा नाकावर घेतला, करंगळी वर, आणि म्हणाला, “हे पहा, तुमचा सराव मला दिसला पाहिजे.”

खऱ्या साहेबांनी काय केलं? त्यांनी हात वर नेऊन आपली मिशी चाचपली. आधी डावी बाजू, मग उजवी. दोन्ही होत्या. मग ते लोखंडी पेटीवर बसले.

“मी असा बोलतो?” त्यांनी विचारलं.

“हाव,” जगदेवीबाई म्हणाल्या. “करंगळी बी आशीच व्हती. आमालाच उमगलं न्हाई.”

साहेबांनी पिशवीत हात घातला, जवारीखालून पाहणीचा कागद उपसला, झटकला, आणि नरसिंगच्या खिशातलं लाल पेन घेतलं. त्यांचं स्वतःचं खिशातच होतं, पण ते विसरले. लिहिलं, ‘कक्षात सराव चालू असल्याचे प्रत्यक्ष दिसून आले. वाटप कायम ठेवावे.’ पुढं रकाना होता, उपस्थित अधिकारी किती. तिथं ते थांबले. एकदा समोर पाहिलं आणि लिहिलं, ‘दोन’. तुम्ही हसता आहात. शिरूर अनंतपाळचे तीन साहेब याच रकान्यातून आले, रकान्यातले दोन आणि खाली सही करणारा एक, एवढं मी कागद पाहून सांगू शकतो. मग खाली हॉर्न वाजला, आणि साहेब पिशवी उचलून गेले. बैठकीला उशीर झाला होता.

इथं सगळे थांबतात. पण मूळ घटना साधी आहे आणि ती अजून संपलेली नाही. गाळा राहिला, खुंटी राहिली, आरसा राहिला... जवारी कुठं गेली? पिशवीतून गेली! म्हणजे नरसिंगला दान पडलं का? नाही. मग सोंग उतरवता येईना. आणि मिशी निम्मी, म्हणून उंबराही ओलांडता येईना. आनंदराज म्हणाले, “आता कशाचे नियम धरून बसलाव?” जगदेवीबाई म्हणाल्या, “मी घरून आणते.” नरसिंग म्हणाला, “एका सोंगाला एका घरचं दान दोनदा न्हाई घेत.” आता यावर शास्त्र काय म्हणतं? शास्त्र नरसिंगच्याच बाजूनं आहे, दुर्दैवानं. माणूस तसाच बसून राहिला, सफारीत, चार वाजेपर्यंत. कारकून एकदा जिन्यातून डोकावला, दचकला, नमस्कार करून गेला.

चारला चांगुणा डबा घेऊन आली. तिनं ऐकून घेतलं. खाली जाऊन किराणावाल्याकडून ओच्यात मूठभर जवारी आणली.

“मिशी निम्मी, तर दान बी निम्मंच,” ती म्हणाली, आणि निम्मी मूठ त्याच्या हातावर सोडली. उरलेली तिनं पदराला बांधली.

मग डब्यातल्या लोणच्याचं तेल लावून तिनं त्याची मिशी सोडवली. तेल जरा तिखट होतं. दोघांनी भाकरी खाल्ली, सफारी खुंटीला अडकवली, शटर ओढून कुलूप लावलं, आणि किल्ली घेऊन दोघं घरी गेली.