मलकापूरचा उंदीर

जतच्या स्टँडवर मंगल कराडच्या गाडीची वाट बघत बसली होती. शेजारी त्याच गाडीसाठी थांबलेली, मांडीवर रिकामे पिंजरे घेतलेली एक शहरी पोरगी, आणि तिच्या पलीकडे घोंगडीवाला म्हातारा धनगर. मंगलचे कान आपसूक तिकडं लागले.

"ह्यात काय धरतीस, बाय?"

"शेतातले उंदीर, आजोबा. त्यांची गुणसूत्रं तपासते. आईबापाकडून पिल्लात उतरतात ना, ते धागे. तिकडं कराडजवळच्या मलकापूरच्या उसातल्या उंदरांचे वेगळे, इथल्यांचे वेगळे."

"मग तोंड का उतरलंय?"

"इथल्या एका उंदरात दोन्हीकडचे निघाले. सर म्हणतात, तू नमुन्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केलीस, पुन्हा पहिल्यापासून कर. त्यांचंही बरोबर आहे. एवढासा जीव इतक्या लांब चालत कसा येईल?"

"चालत कशाला? आमी दुसऱ्याच्या कळपातला मेंढा आणतो, त्यो काय चालत येतो व्हय? रगत बदलाय लागतं, न्हाईतर कोकरं कमजोर निपजत्यात."

"पण उंदीर कोण आणणार?"

"आमीच. दुष्काळात जनावरांच्या छावणीला चारा म्हणून मलकापूरचं उसाचं वाडं यायचं, ट्रकनं. मोळी सोडली की आतनं उंदरं पळायची."

"छावणी कुठं होती?"

"आमच्या वस्तीम्होरं. बिरोबाच्या माळावर."

"तो उंदीर मी तिथंच धरला होता."

कराडची गाडी लागली. मंगल उठली.

"चल की गं, जागा मिळायची न्हाई."

"तुम्ही जा, मावशी. आजोबा, तुमच्या वस्तीची गाडी किती वाजता?"

"साडेचारला. आन् तुझ्या सरास्नी सांग, मेंढा ह्या बिराप्पा धनगरानं बदलला म्हणावं."