केकवरचा पाचवा खलाशी

ता. २६ डिसेंबर, दुपारी ३.४० वा.

मी सौ. राजश्री ओमकार नागवेकर, वय ३८ वर्षे, धंदा घरगुती केक बनवणे, रा. पेठकिल्ला, रत्नागिरी. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी नवरा व सासू यांच्यासह राहते. केकवर उभी करायची माणसं मी फाँडंटची, म्हणजे साखरेच्या मळलेल्या गोळ्याची, फोटो बघून हाताने करते. डिसेंबरात नाताळच्या ऑर्डरी असतात.

दि. २१ रोजी मिरकरवाड्यातील बोटमालक सुजय भाटकर यांची मुलगी मनस्वी हिने मला मोबाईलवर फोटो पाठवला. त्याच सकाळी त्यांची बोट समुद्रात गेली. निघताना तिने सगळ्या खलाशांना सांताच्या लाल टोप्या घालून बोटीवर उभं केलं होतं. फोटोत बोटीवरील पाच खलाशी होते. नाताळच्या केकवर बोट आणि हे पाचजण पाहिजे होते. माणसं मी आधी मोजूनच घेते, नंतर कटकट नको.

आपल्याकडच्या दमट हवेत फाँडंट मऊ पडतं, उभी माणसं वाकतात. म्हणून पायांतून टूथपिक घालून दोन दिवस पंख्याखाली वाळवावी लागतात. कडेच्या माणसाला मिशी होती, ती सुईने काढताना माझा अर्धा तास गेला. दि. २३ रोजी दुपारी पाचहीजण केकवर उभे करून फोटो मनस्वीला पाठवला. तो माझ्या मोबाईलमध्ये आहे. तिने पाठवलेला फोटो मात्र दि. २४ रोजी तिच्याकडून डिलीट झाला, आता माझ्याकडेही दिसत नाही.

२३ ला संध्याकाळी बोट बुडाल्याचं समजलं. २४ च्या पेपरात होतं की चारही खलाशी वाचले, त्यामुळे शोध थांबवला. त्या सकाळी अकराच्या सुमारास सुजयशेठचा फोन आला. म्हणाले, "वहिनी, केकवर चारच ठेवा." कुठला काढू, असं मी विचारलं. म्हणाले, "कडेचा. मिशीवाला."

मी काढला आणि डब्यात ठेवला. पायांच्या जागी दोन भोकं राहिली, त्यावर निळ्या क्रीमची लाट काढली. का काढायचा ते विचारलं नाही. तो बोटीवर गेलाच नसेल असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तसं वाटून घेतलं. एरवी दुकानदाराने एक फुटकं अंडं दिलं तरी मी दुकान डोक्यावर घेते, आणि इथे माझी दातखीळ बसली. मोठ्या घरची ऑर्डर. त्याची मला लाज वाटते.

केक २५ ला सुजयशेठनी धक्क्यावर वाचलेल्या चौघांच्या हातून कापून घेतला. मी तिथे होते. चौघांपैकी एकानेही तो तोंडात घातला नाही.

आज सकाळी नऊ वाजता गंगा विठू पालशेतकर, रा. वेळणेश्वर, ही बाई केक कुणी केला ते विचारत माझ्या दारात आली. विठू तिचा नवरा. २१ ला निघताना त्याने फोन करून मुलीला, सानवीला, सांगितलं होतं की माझी साखरेची बाहुली केकवर बसणार आहे, आलो की तुला आणतो. पेपरात त्याचं नाव नाही म्हणून गंगा आधी सुजयशेठकडे गेली. ते म्हणाले, विठूचं नाव खलाशांच्या यादीत नव्हतं, तो चढलाच नाही. चौघेही तेच म्हणाले. यादीबाहेरचा माणूस नेला तर बोटीचं लायसन जातं, हे मिरकरवाड्यात शेंबडं पोरही सांगेल.

मी डब्यातून बाहुली काढून तिच्या हातात दिली. तिने मिशी बघितली. म्हणाली, "हेच ते." मग केकवरून ती कधी काढलीत, असं विचारलं. मी दिवस आणि वेळ खरी सांगितली. ती म्हणाली, "तेव्हा हे पोहत असतील, ताई."

बाहुली पुराव्याला जमा करा असं साहेबांनी सांगितलं. गंगा ती पदराखाली धरून बाहेर बाकावर बसली आहे, देत नाही. हातात राहिली तर पाघळेल, असं मी सांगून बघितलं. माझा मोबाईल मी जमा करते. विठूचा शोध आजच्या आज सुरू करावा, एवढंच माझं म्हणणं.

जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी "बोटीवरील चार खलाशी" असं लिहिलं गेलं होतं. ते खोडून पाच करून घेतलं आणि खोडलेल्या जागी सही केली. आता बरोबर आहे.