शेठनी दोन नावं मागितली

मी बडोद्याचीच. माहेर दांडिया बाजारात आणि सासरही दांडिया बाजारातच, म्हणजे लग्न होऊन गेले कुठे तर चार गल्ल्या पलीकडे. सासरे महाराजांच्या वेळी कचेरीत कारकून, त्यांचे वडीलही कचेरीतच, त्यामुळे धंदा म्हणजे काय ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ह्यांनी शिवणाचं दुकान काढलं तेव्हा सासरे म्हणाले, आता आपण लोकांची मापं घेणार का. धाकटे दीर, त्यांना मी भाऊजी म्हणते, त्यांनी पुढं औषधांचं दुकान घातलं, तर ते मात्र सगळ्यांना चाललं. असो.

आमचं काम शाळेच्या युनिफॉर्मचं. काय सांगू तुम्हाला, त्या धंद्यात कापड मार्चात उचलायचं, उन्हाळाभर शिवायचं आणि पैसे बघायचे ते जूनमध्ये, शाळा उघडल्यावर. तोवर सगळं उधारीवर. अमदावादला एक शेठ होते, ते ह्यांच्या नावावर माल द्यायचे, वर्षानुवर्षं. मी हिशेब बघायची, पैसे पोचते करायची, पण खातं ह्यांचं. बाईचं नाव कशाला लागतं, लागलंच नव्हतं कधी.

मग ह्यांना लकवा झाला. दुकानातच, कात्री हातात असताना. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, डोळे फिरायचे माझ्यामागं, पण तोंडातून नुसता आवाज. फेब्रुवारी होता. शाळांनी कामं सांगून ठेवलेली, कारागीर विचारायचे, बेन, कापड क्यारे आवशे. मी म्हणायची येईल. मी रडलेबिडले नाही हो. लोक म्हणायचे बाई धीराची आहे. धीर नव्हता तो, काहीच नव्हतं. दात काढताना इंजेक्शन देतात ना, तसं अंगभर झालं होतं.

गेले अमदावादला. शेठ चांगले वागले, पाणी दिलं, ह्यांची चौकशी केली. मग म्हणाले, बेन, जुनं खातं त्यांचं, आता त्यांना सही करता येत नाही. तुमच्या नावानं नवं खातं काढू, पण तुमचा धंदा मी पाहिलेला नाही. बडोद्यातल्या दोन वेपाऱ्यांची नावं द्या, मी त्यांना विचारतो. पुढच्या सोमवारी या.

एक नाव तर घरातलंच. भाऊजींना विचारलं, ते म्हणाले, वहिनी, हे काय विचारणं झालं, घाला माझं नाव. दुसरं कुणाचं द्यायचं? बटणं-दोरा आम्ही पाणीगेटच्या जशुभाईकडून घ्यायचो, पण त्यांच्याशी ह्यांचं भांडण झालेलं. बटणं निघाली खराब, इस्त्री लागली की वितळायची, आणि ह्यांनी त्यांच्या दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर त्यांना चोर म्हटलं. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. तरी गेले मी. जशुभाई डबा खात होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी चावणं थांबवलं नाही. म्हणाले, तुमचे मिस्टर मला चोर म्हणाले. मी म्हटलं, हो, म्हणाले. मग म्हणाले, नाव लिहा माझं, मने पूछशे तो जे जोयुं छे ते कहीश. जे पाहिलंय ते सांगीन म्हणजे काय, चांगलं की वाईट, ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती म्हणा, नाहीतर त्राण नव्हतं म्हणा.

सोमवारी शेठनी माझ्यासमोरच फोन लावला. लाइन अशी की पलीकडचा माणूस ओरडूनच बोलणार, शेठनी रिसीव्हर कानापासून लांब धरला होता. पहिला फोन भाऊजींना. मला त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. म्हणाले, दादा दुकान बघत होता तोवर प्रश्न नव्हता, पण वहिनींचं मी काही सांगू शकत नाही, त्यांना धंद्यातलं काय कळतं, उद्या काही झालं तर माझ्यावर नको. शेठनी हां हां म्हणून फोन ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही त्यांनी. वर पंखा फिरत होता. मी पंख्याकडं बघत बसले.

मग त्यांनी जशुभाईंना लावला. जशुभाई म्हणाले, तो माणूस माझ्याशी बोलत नाही, मीही त्याच्याशी बोलत नाही, पण इतकी वर्षं पैसे आणून देते ती ही बेन. भांडणानंतरसुद्धा आली, खराब बटणांचे कापून घेतले, बाकीचे मोजून दिले, माझ्या घरच्यांची खबर विचारली आणि गेली. मी तरी देईन उधार, तुमचं तुम्ही बघा.

शेठनी फोन ठेवला. म्हणाले, अर्धा माल आत्ता न्या, अर्धा मेमध्ये, पहिला शिवून झाला की. तागे मोजून घेतले, ट्रान्सपोर्टला लावले आणि मी गाडीत बसले. आनंद व्हायला हवा होता ना? नाही झाला. राग यायला हवा होता, तोही नाही. नडियाद आलं, आणंद आलं, लोक चढले, उतरले.

घरी आले तर भाऊजी ह्यांच्याजवळ बसलेले, शहाळ्याचं पाणी चमच्यानं पाजत होते. प्रेम होतं हो भावावर, ते खोटं नव्हतं. म्हणाले, काय झालं वहिनी? मी म्हटलं, मिळाला माल. ते म्हणाले, मिळणारच, मी चांगलंच सांगितलं त्यांना. मी म्हटलं, हो. आणि चहा टाकायला आत गेले. ह्यांचे डोळे माझ्यामागं आले. ह्यांना काहीतरी कळलं असेल, नसेलही. मी सांगितलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. भावाच्या हातचं पाणी गोड लागत होतं त्यांना, ते कशाला काढून घ्यायचं.

जूनमध्ये शाळा उघडल्या, शेठचे पैसे वेळेत गेले. पुढं हे गेले, ह्यांच्यामागं मी दुकान वाढवलं, मुलीला शिकवलं. आता तीच बघते सगळं. जशुभाई वारले तेव्हा मी बेसण्याला, म्हणजे दुखवट्याला, गेले होते, बायकांमध्ये बसले, सगळ्या रडत होत्या, मला पाणी आलं नाही डोळ्यांत. त्यांच्या सुनेचा हात धरून बसले तेवढी.

भाऊजी आता एकटेच. जाऊबाई गेल्या, मुलगा कॅनडात. दुपारी माझ्याकडंच जेवतात. दात नाहीत, म्हणून भात मऊ करते. परवा जेवता जेवता म्हणाले, वहिनी, तुम्ही माझ्यावर कधी रागावला नाहीत. मी म्हटलं, वरण वाढू का अजून? ते म्हणाले, वाढा. वाढलं. हात चालतायत तोवर मूठभर तांदूळ जास्त घालायचे, त्याला काय लागतं. देव त्यांना बरं ठेवो. आणखी काय म्हणणार मी, तुम्हीच सांगा.