पुढं चालणारा माणूस

तुम्ही नटनट्यांवरून वाद घालता ना, तसे आम्ही दोघं म्हातारे परवा कधीच्या काळी वारलेल्या ट्रॉम्बोनवाल्यांवरून बसलो होतो.

पवनीच्या लग्नाच्या बँडात दिनबा क्लॅरिनेट वाजवायचा आणि वरातीत त्याच्या मागे मी, पुढे-मागे सरकणाऱ्या लांब नळीचा ट्रॉम्बोन घेऊन. त्याची बायको गेली तेव्हापासून त्याने बोलणंच सोडलं होतं. चार शब्द तरी निघतील म्हणून मी मोबाइल घेऊन त्याच्याकडे गेलो. नातीने त्यात अमेरिकेतले जुने जाझ वाजवणारे भरून दिले होते.

पहिला वाघासारखा गुरगुरला. दुसरा इतका भरभर वाजवत होता की मलाच धाप लागली. दिनबा डोळे मिटून बसला होता. तिसरा मात्र हळू आला, वैनगंगेवरून सकाळचं धुकं सरकावं तसा. मला वाटलं, आपली एखादी वरात अजून चालतेच आहे आणि नवरीच्या दारी पोचायची कोणालाच घाई नाही.

"माहा आवडता हाच," मी म्हणालो.

"काहून गा?"

कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज ऐकला. मी घाई केली नाही.

"आयक ना. नळी कशी जपून लांबवते हा. याच्या पुढं कोणीतरी आपला माणूस चालून राहिला, असं वाटते."

दिनबाने हळूच मान चोळली. पवनीच्या अरुंद गल्ल्यांत माझ्या ट्रॉम्बोनची नळी नेमकी तिथेच आदळायची.

"मंग तुह्या पुढं कोण चालत होता?" तो म्हणाला. "बैल?"