विलायती गाडीचा टप

मी सुभद्रा, पण ते नाव आता रेशनकार्डावरच ऱ्हायलंय बगा, उद्यमनगरात उतरून टपवाली मावशी कुठं म्हणून इचारा, कोण बी आणून सोडंल. चाळीस वरसं झाली, रिक्षाचं टप शिवतो मी. आमच्याकडं बाया बी आलो-गेलोच म्हणत्यात, तुमी पावणं हाय म्हणून आधीच सांगून ठेवतो, न्हायतर लिवताना कावराबावरा व्हशीला.

शिवणकाम आमच्यात पिढीजात न्हवं. माझा बा एका टांगेवाल्या मेस्त्रीच्या हाताखाली शिकला, आधी टांग्याचं टप, मग मोटारींचं. तवा बड्या लोकांकडं विलायती मोटारी हुत्या, वरचा कापडी टप मागं घडी करून टाकायचा आन् वारं खात फिरायचं. टप तयार झाला की त्याची पारख कशी, काय सांगू तुमास्नी, शिवणाऱ्यानं आत बसायचं, दारं लावून घ्यायची आन् भायेरनं दुसऱ्यानं वरनं घागरी वतायच्या. कुठल्या टाक्यातनं थेंब येतोय ते आत बसल्याबिगर कळतच न्हाय. पण माझ्या बाला कोण बसू देतंय गाडीत? आत बसायचा ड्रायव्हर, बा भायेर उभा, आन् ड्रायव्हर आतनं वरडायचा, डावीकडं गळतंय रे, मागं गळतंय रे. पुढं आमी बौद्ध झालो, घरात बाबासायबांचा फोटू आला, बानं मान वर केली ती केलीच, पण त्या गाड्यांच्या सीटवर काय त्यो कधी बसला न्हाय. जायच्या आधी मला म्हणाला, सुभे, आतनं कसा दिसत आसंल गं टप? मी काय सांगणार, रिक्षातनं दिसतो तसा म्हटलं. हसला. ते हसणं मला अजून सोसवत न्हाय.

आन् मग ह्या गाडीचं ऐका. राजारामपुरीत एक डॉक्टर हायत, दातांचं. त्यांनी जयसिंगपूरकडच्या एका गोदामातनं मोडकी गाडी आणली, लढाईच्या आधीची, विलायती, आन् पाच वरसं तिच्यामागं लागलं. इंजिन झालं, पत्रा झाला, हिरवा रंग झाला. टपापाशी गाडं अडलं. मुंबईचा माणूस लई दिवसांनी येतो म्हणाला, तवा कुणीतरी माझं नाव घेतलं. मी गेलो, बघितलं, आन् तिथंच ठरवलं, पैसं काय द्यायचं ते द्या, पण ह्या टपाची पारख आत बसून मी करणार. जुना टप कुजून चिंध्या झालता. बाचा टाका सापडतोय का म्हणून मी त्या चिंध्या उलट्यापालट्या केल्या. न्हाय सापडला. दुसऱ्याच कुणाचा आसंल.

डॉक्टर मला त्या गाडीच्या कंपनीचं वाचून दाखवायचं, जाडजूड पुस्तक हुतं. विलायतेत एका लहान गावात दोघं भाऊ, आधी सायकली करायचं, मग फटफटीला जोडायची बाजूची गाडी, मग मोटार. समदं हातानं. आतला सांगाडा लाकडाचा, आन् त्याच्यावर पत्रा ठोकून ठोकून गोल करायचा. आठवड्याला चार-पाच गाड्या, त्याच्यावर न्हाय. मग लढाई लागली, सरकारनं कारखान्यात इमानाची पंखं करायला लावली, आन् लढाई संपल्यावर मोटार काय परत झाली न्हाय. थोरला गेला, धाकटा म्हणं बागंची फाटकं करून इकायला लागला. मला लई वाईट वाटलं त्या धाकट्याचं. दुपारी मशिनीवर डुलकी लागली की ती दोघं दिसायची मला, धोतरातच दिसायची आता, काय करू, मी सायेब कुठं बघितल्यात? बाच्या शेजारी बसून ती लाकूड तासायची, आन् कोण कुणाशी बोलायचं न्हाय, नुसता रंध्याचा आवाज.

आन् मग मी घाण केली. टपाचं कापड विलायतेतनं मागवलेलं, आठ म्हैन्यांनी आलेलं. बाची शिकवण अशी की कापड आधी भिजवायचं, वाळवायचं, मगच कातर लावायची, न्हायतर पावसात आटतं आन् टप लागतच न्हाय. मी कुणाला न इचारता भिजत घातलं. त्या कापडाच्या पोटात रबर हुतं, पावणं. वाळलं तवा पापडावानी फोड आलं त्याच्यावर.

डॉक्टरांना जाऊन खरं ते सांगितलं. ते काय वरडलं न्हाईत, वरडलं असतं तर बरं झालं असतं. मावशी, राहू द्या आता, मुंबईचाच माणूस बोलावतो, म्हणाले. मी दारापतूर आलो. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत फिरलो आन् म्हटलं, काम काढून घ्या, पण पुस्तकात कारखान्याचा फोटू हाय म्हणत हुतासा न्हवं, त्यो एकदा दावा.

फोटूत म्होरं गाडी, शेजारी ती दोघं भाऊ. डॉक्टरांनी शंभरदा बघितला आसंल, पण त्यांची नजर गाडीवर. मी मागं बघितलं. मागं दोन झाडांना दोरी, दोरीवर लांबच्या लांब कापड वाळत घातलेलं, आन् खाली दोन बाया पदर, आपलं ते काय, झगं खोचून उभ्या. कापडाच्या टोकातनं पाणी निथळतंय. म्हटलं, डॉक्टर, हे काय हो? ते चष्मा काढून बघायला लागलं. पुस्तक चाळलं, तर लिवलेलं, पहिल्या पहिल्या गाड्यांचं टप साध्या तंबूच्या कापडाचं, गावातल्या तंबू शिवणाऱ्या बायकांकडनं करून घ्यायचं. म्हटलं, मग भिजवलंच की ह्यांनी बी! डॉक्टर हसलं. म्हणाले, शिवा मावशी, तंबूचंच शिवा.

मंडपवाल्याकडनं जाड कापड आणलं, भिजवलं, वाळवलं, दुहेरी शिवलं, दोऱ्याला मेण लावलं. तीन आठवडं लागलं. परवा पारख हुती. डॉक्टरांच्या बायकोनं आन् शेजाऱ्यांनी बादल्या भरून ठेवल्या, डॉक्टरांचा ड्रायव्हर आत बसायला निघाला. मी म्हटलं, थांब. टप मी शिवलाय. डॉक्टरांनी सोताच्या हातानं दार उघडलं, बसा मावशी, म्हणाले, आन् सोताच बादली उचलली.

आत बसलो. दार लागलं. लई शांत हो. चामड्याचा वास, वर पिवळा उजेड, तंबूतल्यावानी, आन् माझ्या टाक्यांची वळ डोक्यावरनं पार मागंपतूर गेलेली. पाणी पडायला लागलं, घुमत हुतं नुसतं. मी वर बघत ऱ्हायलो. सांगत हुतो बाला, असा दिसतो, बा, असा. कुठनं बी थेंब आला न्हाय, गालावरलं पाणी माझंच हुतं.

भायेरनं डॉक्टर वरडलं, मावशी, गळतंय का कुठं?

म्हटलं, अजून कळंना, वता की अजून.